'आपण' की 'आम्ही'? : ऐक्याच्या भाषणांचे बिल कोणाच्या नावे फाटले

१/ मित्रहो, ऑगस्ट महिना सरत आला की मार्टिन ल्यूथर किंग यांच्या 'स्वप्ना'ची चित्रफीत दरवर्षी समाजमाध्यमांवर फिरू लागते. सोबत एक ठरलेली टिप्पणी असते : 'नेता असा हवा, जुन्या जखमा उकरत न बसता सर्वांना जोडणारा.' आजचा धागा या टिप्पणीच्या विरोधात आहे. अमेरिकेच्या इतिहासात वंश या विषयावर झालेल्या भाषणांत 'ऐक्य' हा शब्द दोन परस्परविरोधी कामांसाठी राबवला गेला : कधी देणे बुडवण्यासाठी, कधी देणे चुकते करण्यासाठी. कानाला दोन्ही सारखेच गोड लागतात. गल्लत तिथेच होते.

२/ ही गल्लत टाळण्याचे एक साधन मराठी माणसाच्या हाती उपजतच आहे. इंग्रजीत 'वी' हे एकच सर्वनाम. मराठीत दोन : ऐकणाऱ्याला सामावून घेणारे 'आपण' आणि त्याला वगळणारे 'आम्ही'. 'आपण जेवायला बसू' आणि 'आम्ही जेवायला बसतो' यांतला फरक दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजी वक्त्याला ही निवड उघडपणे करावी लागत नाही. मराठीत अनुवाद करणाऱ्याला ती करावीच लागते. तेव्हा पुढची भाषणे वाचताना प्रत्येक 'वी'पाशी थांबू आणि विचारू : हे 'आपण' आहे की 'आम्ही'?

३/ आरंभ १७८७ सालापासून. अमेरिकेच्या राज्यघटनेची सुरुवात 'वी द पीपल' या शब्दांनी होते आणि पहिलाच उद्देश सांगितला आहे तो अधिक परिपूर्ण संघ घडवण्याचा. म्हणजे ऐक्याचाच. त्याच घटनेत प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची गणना पाचास तीन या प्रमाणात करण्याची तरतूद होती. त्यांना मत नव्हते. त्यांच्या संख्येच्या बळावर मालकांच्या राज्यांना जागा मात्र वाढून मिळाल्या. पळालेला गुलाम परत करण्याचे बंधन होते. आणि एवढे सगळे असूनही 'गुलाम' हा शब्द मूळ मसुद्यात कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' अशी आडवळणाची भाषा आहे. उत्तर आणि दक्षिण एकत्र आली, पण त्याची किंमत कराराच्या वेळी खोलीत नसलेल्या माणसांनी मोजली.

४/ ते 'वी' नेमके कोणाचे, याचा उलगडा १८५७ साली सर्वोच्च न्यायालयानेच केला. ड्रेड स्कॉट खटल्यात सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निर्वाळा दिला की आफ्रिकी वंशाचे लोक, गुलाम असोत वा मुक्त, घटनेतील 'लोक' आणि 'नागरिक' या शब्दांत मोडत नाहीत. मराठीत सांगायचे तर सत्तर वर्षे 'आपण' म्हणून उच्चारलेला शब्द मुळात 'आम्ही' होता, हे न्यायपीठाने लेखी कळवले.

५/ फ्रेडरिक डग्लस यांनी मात्र हे पाच वर्षे आधीच ओळखले होते. १८३८ मध्ये मेरीलँडच्या गुलामीतून निसटलेला हा माणूस ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनाचे भाषण करण्यास उभा राहिला. त्या भाषणाची खरी धार सर्वनामांत आहे. ते 'आपले पूर्वज' म्हणत नाहीत, 'तुमचे पूर्वज' म्हणतात. स्वातंत्र्य तुमचे, उत्सव तुमचा, आनंद तुमचा. समोरचे श्रोते गुलामगिरीचे विरोधक, म्हणजे स्नेहीच. तरीही डग्लस त्यांना खोट्या 'आपण'चे सुख मिळू देत नाहीत. गुलामाच्या दृष्टीने या दिवसाला काय अर्थ आहे, हा त्यांचा प्रश्न आजही अमेरिकेत दर जुलैला विचारला जातो.

६/ आता अब्राहम लिंकन. १८५८ साली इलिनॉयमधून सिनेटची निवडणूक लढवताना १० जुलैला शिकागो येथे त्यांनी सांगितले की हा वंश वरचा, तो खालचा, ही काथ्याकूट सोडून द्यावी आणि सर्व माणसे समान आहेत या जाहीरनाम्याच्या तत्त्वावर एकत्र यावे. दहा आठवड्यांनी, १८ सप्टेंबरला, त्याच राज्याच्या दक्षिणेकडे असलेल्या चार्ल्सटन गावी त्यांनी सांगितले की गोऱ्या आणि काळ्या वंशांची सामाजिक व राजकीय समता आणण्याच्या बाजूचे आपण कधीही नव्हतो. काळ्यांना मताधिकार किंवा ज्यूरीत स्थान देण्याच्याही नाही.

७/ वक्ता एक, उमेदवारी एक, श्रोते दोन. शिकागोचा कल गुलामगिरीविरोधी, तर चार्ल्सटनमध्ये दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती मोठी. प्रतिस्पर्धी स्टीफन डग्लस यांनी पुढच्याच सभांत या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. 'काळाची मर्यादा' हे उत्तर येथे अपुरे पडते, कारण शिकागोचे वाक्यही त्याच काळाचे होते. चार्ल्सटनच्या मैदानावर लिंकन यांना जोडायचे होते ते गोऱ्या मतदारांना, आणि त्या जोडणीसाठी जे विकले गेले ते काळ्यांचे नागरिकत्व होते.

८/ परंतु इतिहास माणसाला एकाच भाषणात कोंडून ठेवत नाही. ४ मार्च १८६५. यादवी युद्ध संपत आलेले, दुसऱ्यांदा शपथ घेतलेले लिंकन जेमतेम सातशे शब्द बोलतात. या भाषणातून पुढे गाजला तो फक्त शेवटचा परिच्छेद : कोणाविषयीही आकस न ठेवता राष्ट्राच्या जखमा बांधू या. भिंतींवर तोच, पुस्तकांत तोच. त्याच्या आधी काय आहे?

९/ आधी हिशेब आहे. युद्धाच्या मुळाशी गुलामगिरी होती, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अडीचशे वर्षे विनामोबदला राबवून घेतलेल्या श्रमांतून जी संपत्ती साठली ती सगळी या युद्धात बुडेपर्यंत, आणि चाबकाने काढलेल्या रक्ताच्या प्रत्येक थेंबाची भरपाई तलवारीने काढलेल्या रक्ताने होईपर्यंत हे युद्ध चालावे अशी ईश्वरेच्छा असेल, तर तीही न्याय्यच म्हणावी लागेल, असे लिंकन म्हणतात. शिवाय ते 'दक्षिणेची गुलामगिरी' म्हणत नाहीत, 'अमेरिकी गुलामगिरी' म्हणतात. पाप दोन्ही बाजूंच्या खात्यावर. जखम बांधण्याची भाषा येते ती जखम कोणी केली हे सांगून झाल्यावर. डग्लस त्या दिवशी श्रोत्यांत होते. त्या प्रयत्नाला त्यांनी पवित्र म्हटले.

१०/ याचा पुढचा टप्पाही लक्षात घ्या. ११ एप्रिल १८६५ च्या आपल्या अखेरच्या जाहीर भाषणात लिंकन यांनी शिकलेल्या आणि सैन्यात लढलेल्या काळ्या पुरुषांना मताधिकार मिळावा, असे मत मांडले. संघराज्याच्या फौजेत सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले होते. 'आपण'चे दार येथे बोटभर किलकिले झाले. गर्दीत जॉन विल्क्स बूथ उभा होता. १४ एप्रिलला त्याने गोळी झाडली.

११/ बरोबर ११ वर्षांनी, १४ एप्रिल १८७६ रोजी, राजधानीत लिंकन यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. पैसा मुक्त झालेल्या गुलामांनी जमवलेला, समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट, वक्ते डग्लस. अशा प्रसंगी माणूस स्तुती करून मोकळा होतो. डग्लस यांनी मात्र गोऱ्या श्रोत्यांना सांगितले की तुम्ही लिंकनची मुले आहात, आम्ही फार तर सावत्र मुले. आणि पुढे : गुलामगिरीच्या कट्टर विरोधकाच्या जागेवरून पाहिले तर ते मंद व उदासीन भासतात, पण आपल्या देशाच्या लोकभावनेशी ताडून पाहिले तर तत्पर आणि निर्धारी ठरतात. कृतज्ञता आणि हिशेब एकाच भाषणात नांदू शकतात, याचा हा वस्तुपाठ आहे.

१२/ पुढच्याच वर्षी, १८७७ मध्ये, दक्षिणेतील राज्य सरकारांच्या पाठीशी उभ्या असलेल्या संघीय फौजा मागे घेतल्या गेल्या आणि काळ्यांचे मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले जाऊ लागले. या वातावरणात १८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी एक दृष्टान्त दिला : निव्वळ सामाजिक बाबींत आपण बोटांसारखे वेगळे राहू, परस्परांच्या प्रगतीसाठी मात्र हातासारखे एक. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या प्रदेशात झुंडी माणसांना जाहीरपणे मारत होत्या तिथे उभ्या असलेल्या वक्त्याची कोंडी आपण समजू शकतो. पण दृष्टान्तातील 'वेगळी बोटे' तेवढी उचलली गेली. आठच महिन्यांनी, १८ मे १८९६ ला, प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. हाताचे एकपण कोणत्याही कायद्यात उतरले नाही.

१३/ देणे बुडवणाऱ्या ऐक्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण ४ जुलै १९१३ चे आहे. गेटिसबर्गच्या लढाईला ५० वर्षे झाली म्हणून दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून अधिक वृद्ध सैनिक त्या रणभूमीवर जमले. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन म्हणाले की आपण पुन्हा बंधू झालो आहोत, लढाया सरल्या, भांडण विसरले गेले. भांडण कशाचे होते? संपूर्ण भाषणात गुलामगिरीचा उल्लेख नाही. वंश किंवा उगम यांचा भेद न मानणाऱ्या अखंड लोकसमूहाचा गौरव मात्र आहे.

१४/ आणि त्याच वर्षी याच विल्सन यांच्या सरकारात टपाल व अर्थ खात्यांतील काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यास सुरुवात झाली. बॉस्टनचे संपादक विल्यम मनरो ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन जाब विचारायला गेले. नोव्हेंबर १९१४ च्या दुसऱ्या भेटीत विल्सन यांनी त्यांना ऐकवले की हे वेगळेपण अपमानास्पद नसून हिताचे आहे, आणि ट्रॉटर यांच्या बोलण्याचा सूर आपल्याला पसंत नाही. भेट तिथेच संपली. 'भांडण विसरा' म्हणणाऱ्याला कालांतराने भांडणाची आठवण करून देणाऱ्याचा सूर खटकू लागतो. ही सांगड अपघाती नाही.

१५/ आता १९६३. १४ जानेवारीला अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी शपथविधीच्या भाषणात वंशविभाजन आज, उद्या आणि सदैव राहील अशी घोषणा केली. त्या भाषणात 'स्वातंत्र्य' आणि 'जुलूम' हे शब्द भरपूर आहेत. जुलूम अर्थात केंद्र सरकारचा. उदात्त शब्द कोणाच्याही मालकीचे नसतात, एवढे यावरून ध्यानात घ्यावे. पण वॉलेस यांना ओळखणे सोपे आहे. अवघड आहे ते पुढचे उदाहरण.

१६/ १२ एप्रिल १९६३ रोजी बर्मिंगहॅममध्ये किंग यांना अटक झाली. त्याच दिवशी अलाबामाच्या आठ गोऱ्या ख्रिस्ती व ज्यू धर्मगुरूंचे निवेदन प्रसिद्ध झाले. हे लोक वॉलेसपंथी नव्हते. न्यायालयांचे आदेश पाळावेत असे आवाहन त्यांनीच जानेवारीत केले होते. त्यांच्या या निवेदनाचे प्रचलित नाव आहे 'ऐक्याचे आवाहन'. त्यात निदर्शने अकाली व अविचारी ठरवली होती, ती काही अंशी बाहेरच्यांनी चालवली आहेत असे म्हटले होते, पोलिसांच्या संयमाची प्रशंसा होती आणि 'आपल्या' काळ्या समाजाने आंदोलनाचा पाठिंबा काढून घ्यावा अशी विनंती होती. मे उजाडताच त्याच पोलिसांनी शाळकरी मुलांवर कुत्रे सोडले आणि पाण्याचे बंब वळवले.

१७/ किंग यांनी तुरुंगातून लिहिलेले प्रसिद्ध पत्र हे या 'ऐक्याच्या आवाहना'लाच दिलेले उत्तर आहे. आपल्या वाटेतील मोठा अडथळा उघड द्वेष्ट्यापेक्षा न्यायाहून सुव्यवस्था प्रिय मानणारा गोरा मवाळ हा असावा, असे ते खेदाने नमूद करतात. तणाव नसणे ही उणी शांतता. न्याय असणे ही खरी शांतता. तेव्हा किंग यांना 'जखमा न उकरणारा नेता' म्हणणारी टिप्पणी त्यांच्यावर त्यांच्याच टीकाकारांचे विचार लादते.

१८/ आता ते 'स्वप्नाचे' भाषण. २८ ऑगस्ट १९६३ चा मोर्चा 'रोजगार आणि स्वातंत्र्य' यांसाठी होता. सुमारे अडीच लाख लोक आले होते. स्वप्न येते ते अखेरच्या भागात. आधीची प्रतिमा व्यवहाराची आहे : अमेरिकेने आपल्या सर्व नागरिकांच्या नावे एक वचनचिठ्ठी लिहून दिली, काळ्यांनी ती वटवायला नेली तेव्हा खात्यात शिल्लक नाही म्हणून चेक परत आला. पण न्यायाची पेढी बुडाली यावर आमचा विश्वास नाही, तेव्हा आम्ही तो वटवायला आलो आहोत. 'हळूहळू होईल' या सबुरीला ते गुंगीचे औषध म्हणतात. हक्क मिळेपर्यंत देशाला स्वस्थता लाभणार नाही, असेही बजावतात.

१९/ जी चित्रफीत दरवर्षी फिरते तीत वचनचिठ्ठी नसते. वसुलीला आलेल्या माणसाच्या तोंडचे फक्त आशीर्वाद ठेवून मागणी कापून टाकायची, अशी ही कात्री आहे. ज्यांना आज ते सर्वांना जोडणारे वाटतात त्यांनी एक नोंद पाहावी : १९६६ च्या गॅलप पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश अमेरिकनांचे त्यांच्याविषयीचे मत प्रतिकूल होते. जिवंत किंग फूट पाडणारे ठरले होते. सर्वमान्य झाले ते मरणोत्तर, आणि तेही कापून.

२०/ सत्ताधाऱ्याचे ऐक्याचे भाषण नेहमी खोटेच असते काय? नाही. ७ मार्च १९६५ ला सेल्मा येथे मताधिकारासाठी निघालेल्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. १५ मार्चला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन संसदेच्या संयुक्त सभेत म्हणाले की हा काळ्यांचा प्रश्न नाही, दक्षिणेचा नाही, हा अमेरिकेचा प्रश्न आहे; त्यांचे कार्य आपलेही कार्य झाले पाहिजे; द्वेषाच्या वारशावर मात करायची आहे ती आपण सर्वांनी. येथील 'वी' निःशंकपणे 'आपण' आहे, कारण त्याचे ओझे बोलणाऱ्याने स्वतःच्या खांद्यावर घेतले आहे. या लढ्याचे खरे नायक काळे अमेरिकन आहेत, हेही ते सांगतात.

२१/ आणि भाषणापाठोपाठ विधेयक आले. ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर स्वाक्षरी झाली. मिसिसिपीत काळ्या मतदारांची नोंदणी ७ टक्क्यांहूनही कमी होती. १९६७ पर्यंत ती ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचली. विल्सन यांच्या ऐक्याने खात्यांत वेगळी मेजे मांडली, जॉन्सन यांच्या ऐक्याने मतदारयाद्या उघडल्या. शैलीवर गुण द्यायचे तर विल्सन कदाचित वरचढ ठरतील. म्हणूनच गुण शैलीवर देऊ नयेत.

२२/ दोन आक्षेप येतील. पहिला : लोकशाहीत बहुमत लागते, सतत दोष दाखवून माणसे दूर जातात. मान्य. पण १८६५ च्या लिंकन यांनी आणि १९६५ च्या जॉन्सन यांनी दोष दाखवूनच बहुमताला हाक दिली. दुसरा : कालच्यांना आजच्या मापाने मोजू नये. तेही मान्य. मात्र येथे वापरलेली मापे आजची नाहीत. लिंकन यांना डग्लस यांनी, विल्सन यांना ट्रॉटर यांनी, धर्मगुरूंना किंग यांनी मोजले. त्याच काळात, तोंडावर. 'तेव्हा कोणालाच खटकत नव्हते' या वाक्यातले 'कोणालाच' हेदेखील एक 'आम्ही'च असते.

२३/ हा विषय महाराष्ट्राला परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. विल्सन गेटिसबर्गला बोलले त्याच जुलै १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी अमेरिकेतलाच दाखला दिला : तिथल्या एका चर्चच्या प्रार्थनेत 'आमचे राष्ट्र' हा शब्द लोकांना रुचला नाही, तो बदलून 'ही संयुक्त संस्थाने' असे करावे लागले. मग हजारो जातींत विभागलेल्यांनी आपण राष्ट्र झालोच आहोत असे मानणे हा भ्रम आहे, असे त्यांनी बजावले.

२४/ दुसऱ्याच दिवशी जे संविधान स्वीकारले गेले त्याची मराठी उद्देशिका 'आम्ही' या शब्दाने सुरू होते. जगासमोर केलेल्या घोषणेत ते योग्यच आहे. आपसांत त्या 'आम्ही'चे 'आपण' झाले काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी स्वीकृतीच्या आदल्या दिवशी विचारून ठेवला. ते फूट पाडत होते, असे कोणी म्हणेल काय?

२५/ तेव्हा मित्रहो, ऐक्याचे पुढचे भाषण पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. त्यातला 'आपण' खरा आहे की वेषांतर केलेला 'आम्ही'? अन्याय 'झाला' एवढेच म्हटले आहे, की 'केला' म्हणून कर्त्याचे नावही घेतले आहे? आणि एक होण्यासाठी काही सोडायला सांगितले आहे ते कोणाला : ज्याच्याकडे जास्त आहे त्याला, की ज्याचा चेक अजून वटलेला नाही त्याला? या तिन्हींची उत्तरे पटली तर भाषण जरूर पाठवा. पण संपूर्ण पाठवा, वचनचिठ्ठीसकट.

धागा समाप्त. मतभेद असतील तर भाषणातील नेमके स्थळ दाखवून खाली मांडावेत. चर्चेचे स्वागत आहे.